सीटखाली दडलेला अर्धा स्टिरिओ

गाडीत नवा स्टिरिओ बसतो. मोठा पडदा उजळतो, फोन ब्लूटूथला जोडला जातो, गाण्याचं नाव सरकू लागतं. आवाज वाढवत पार शेवटपर्यंत नेला तरी गाडीत शुकशुकाट. ‘साहेब, स्पीकर गेलेत,’ असा निकाल अनेकदा तिथल्या तिथे दिला जातो. प्रत्यक्षात स्पीकर ठणठणीत असू शकतात आणि नव्या स्टिरिओतही काही खोट नसते. पुढच्या सीटखाली, डिकीच्या बाजूच्या पत्र्यामागे किंवा डॅशबोर्डच्या पोटात कंपनीनेच बसवलेला एक ॲम्प्लिफायर असतो. जुना स्टिरिओ निघाला, तेव्हा त्याला ‘चालू हो’ म्हणून सांगणारंही कुणी उरलं नाही.

महागड्या आणि आता मधल्या किमतीच्याही अनेक गाड्यांत संगीताची व्यवस्था अशी दोन ठिकाणी वाटलेली असते. डॅशबोर्डमधलं हेड युनिट, ज्याला आपल्याकडे अजूनही सर्रास ‘डेक’ म्हणतात, गाणं निवडतं. स्पीकर हलवण्याची ताकद मात्र दुसऱ्या डब्यातून येते. डेक बदलणारा माणूस स्टिरिओ बदलला असं समजतो, पण त्याने बदललेली असते अर्धीच यंत्रणा. उरलेली अर्धी जुन्या डेकच्या सवयीने चालत असते. या दोन अर्ध्यांची सोयरीक जुळवण्यात या कामाचं सगळं कौशल्य आहे.

पाटाखाली बॅटऱ्या, चाकापाशी बटणं

मोटारीत गाणं आणणं सुरुवातीपासूनच जिकिरीचं होतं. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने ‘मोटोरोला’ नावाचा गाडीचा रेडिओ बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख पॉल गॅल्विन यांनी तो स्वतःच्या गाडीत बसवला आणि अटलांटिक सिटीत भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनापर्यंत गाडी हाकत नेऊन लोकांना ऐकवला. त्या काळचे हे रेडिओ निर्वात नळ्यांवर चालत. नळ्यांना गाडीच्या ६ व्होल्टच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त दाब लागे. त्यामुळे गाडीच्या पाटाखाली वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. मुख्य पेटी एकीकडे, स्पीकर दुसरीकडे आणि बटणं स्टिअरिंगच्या दांड्यावर, असा सगळा विखुरलेला संसार असे. १९३२ मध्ये जर्मनीत आलेल्या ब्लाउपुंक्टच्या ‘ए. एस. ५’ या रेडिओचं वजन सुमारे १५ किलो होतं.

शिवाय स्वतः गाडीच आवाजाची वैरी होती. प्रत्येक स्पार्क प्लगची ठिणगी रेडिओत खरखर ओतत असे. ती दाबण्यासाठी प्लगांवर आणि डायनॅमोवर वेगळे दाबक बसवावे लागत. ही लढाई नव्वद वर्षांनंतरही पुरती संपलेली नाही. तिचं आजचं रूप पुढे येईलच.

१९५५ मध्ये क्रायसलर आणि फिल्को या कंपन्यांनी नळ्यांऐवजी फक्त ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ जाहीर केला. वेगळ्या दाबाची गरज गेली, पेटी लहान झाली आणि सारा संसार एका डब्यात मावला. पुढे जर्मन मापावरून घेतलेलं आंतरराष्ट्रीय मानक आलं: डॅशबोर्डमधलं भोक साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दुकानात आज ज्याला ‘सिंगल डिन’ म्हणतात ते हेच, आणि दुप्पट उंचीचं ते ‘डबल डिन’. एका कंपनीचा डेक काढून दुसऱ्या कंपनीचा बसवण्याचा जगभरचा धंदा या एका मापावर उभा राहिला.

नेमक्या त्याच सुमाराला आवाजाचा संसार पुन्हा वेगळा होऊ लागला होता.

प्रत्येक गाडीसाठी वेगळा आवाज

१९८३ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने कॅडिलॅक सेव्हिल, कॅडिलॅक एल्डोराडो, ब्यूइक रिव्हिएरा आणि ओल्ड्समोबिल टोरोनाडो या गाड्यांत बोस कंपनीची व्यवस्था देऊ केली. ही कंपनी स्थापन करणारे अमर बोस हे एम. आय. टी. या विख्यात संस्थेत प्राध्यापक होते. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेला गेलेले बंगाली क्रांतिकारक. अमर बोस यांचा विचार सरळ होता. घरातल्या खोलीत स्पीकर कुठे ठेवला जाईल आणि ऐकणारा कुठे बसेल, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. गाडीत मात्र सगळंच ठरलेलं असतं: सीट कुठे, काच किती तिरपी, छताचं कापड किती आवाज पिणार. मग प्रत्येक मॉडेलसाठी आवाज वेगळा का घडवू नये?

त्यांनी चार स्पीकर घेतले आणि प्रत्येकाच्या पेटीतच त्याचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवला. कोणता सूर किती उचलायचा आणि किती दाबायचा, हे त्या त्या गाडीत मोजून ठरवलेलं होतं. अशा गाडीत साधा डेक आणून त्याच्या वायरी थेट जोडायला गेलं, तर स्पीकरपर्यंत थेट जाणारी वायरच सापडत नाही. मध्ये ॲम्प उभा असतो.

आजच्या कंपनी-फिटेड ॲम्पमध्ये ही कल्पना कितीतरी पुढे गेली आहे. त्यातली चिप दारातल्या मोठ्या स्पीकरला खालचे सूर आणि खांबावरच्या छोट्या ट्विटरला वरचे सूर वेगवेगळे वाटून देते. चालकाच्या जवळच्या स्पीकरला काही सहस्रांश सेकंद थोपवून धरते, म्हणजे लांबच्या स्पीकरचा आवाजही त्याच क्षणी कानावर यावा. आवाज कमी असताना माणसाच्या कानाला खालचे सूर जास्तच क्षीण ऐकू येतात, हे बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं. त्यानुसार हलक्या आवाजात ॲम्प बेस वाढवतो. आवाज मोठा केला की तोच बेस गुपचूप छाटतो, कारण दारातला हलका कागदी स्पीकर फाटू द्यायचा नसतो.

आपल्याकडेही हे आता नवलाचं राहिलेलं नाही. चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्स. यू. व्ही. ७०० च्या वरच्या प्रकारांत सोनीचे १२ स्पीकर आले, किया सेल्टॉसच्या वरच्या प्रकारांत बोसचे ८.

५० वॅटचं गणित

इथे कुणीही विचारेल: नव्या डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं ठळक छापलेलं असतं, मग आणखी ॲम्पची गरजच काय? हे गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट दाब मिळतो. नेहमीच्या स्पीकरचा अडथळा ४ ओम. साध्या जोडणीत स्पीकरला या दाबाच्या निम्माच झोका मिळतो आणि ताकद ६-७ वॅटवर संपते. म्हणून डेकमधल्या चिपमध्ये, जिला बहुधा २५ पाय असतात, एक युक्ती केलेली असते. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक ॲम्प जोडतात. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. झोका दुप्पट होतो, ताकद चौपट. तरीही शुद्ध सुराला कागदावर २६ वॅटच मिळतात आणि प्रत्यक्षात १८ ते २०. मग ५० आले कुठून? १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८४. सूर पार चेपून चौकोनी झाला, म्हणजे गाणं ऐकण्याजोगं उरलंच नाही, तर निघणारी ही ताकद. छापलेला आकडा खोटा नसतो, फक्त त्या आकड्यावर गाणं ऐकता येत नाही.

गाडी बनवणाऱ्यांना हे गणित ठाऊक असतं. ते एकतर ॲम्पमध्ये दाब वाढवणारी व्यवस्था घालतात किंवा ४ ऐवजी २ ओमचे, काही ठिकाणी त्याहूनही कमी ओमचे स्पीकर लावतात. अडथळा निम्मा झाला की त्याच दाबात दुप्पट प्रवाह जातो. मेख इथेच आहे. ॲम्प काढून टाकून हे स्पीकर थेट नव्या डेकला जोडले, तर ४ ओमसाठी बनलेल्या चिपला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो. ती तापते, आवाज वाढवला की बंद पडते आणि नशीब खराब असेल तर जळते.

मीटर काय सांगतो

गाडीत कंपनीचा ॲम्प आहे का, हे ओळखायला फार सामान लागत नाही. बॅटरीचं टोक काढून ठेवावं, जुना डेक बाहेर घ्यावा, त्याच्या मागचा कपलर सोडवावा. मग मल्टिमीटर ओमवर ठेवून गाडीकडच्या कपलरमधल्या एका स्पीकरच्या दोन वायरींवर टोकं टेकवावीत. काटा किंवा आकडा ३-४ ओम दाखवत असेल, तर वायर सरळ स्पीकरला गेलेली आहे. आकडा हजारांत गेला, तर मध्ये ॲम्प आहे. हे मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

नव्या डेकच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थिंगची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. प्रत्येकीच्या जोडीला काळी पट्टी असलेली तिची ऋण वायर. स्वस्तातल्या काही डेकांत हे रंग पाळलेले नसतात, म्हणून शेवटचा भरवसा मीटरवरच ठेवावा.

सुरुवातीच्या शुकशुकाटाचं उत्तर पांढऱ्या पट्टीच्या निळ्या वायरीत असतं. डेक सुरू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. ही वायर ॲम्पला वीज पुरवत नाही, फक्त इशारा देते. तिच्या शेजारीच एक नुसती निळी वायर असते, ती ॲन्टेनासाठी. काही डेकांत ती फक्त रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. ॲम्प चुकून तिला जोडला, तर चमत्कारिक प्रकार घडतो: रेडिओ व्यवस्थित वाजतो आणि ब्लूटूथवर गेलं की गाडी मुकी होते.

काही गाड्यांत तर अशी वायरच नसते. १९८६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने जाहीर केलेली ‘कॅन’ ही पद्धत आज जवळपास प्रत्येक मोटारीत आहे: दोन पिळलेल्या वायरींवरून गाडीतले सगळे संगणक एकमेकांना निरोप धाडतात. ॲम्पला ‘जागा हो’ हा निरोप तिथूनच जातो. काही अमेरिकन गाड्यांत तर आवाज कमी-जास्त करण्याचं कामही ॲम्पच करतो. डेक फक्त आकडा कळवतो. नवा डेक ही भाषा बोलत नाही, म्हणून मध्ये दुभाष्या डबी बसवावी लागते.

याहून नवलाची गोष्ट युरोपातल्या महागड्या गाड्यांची. २००१ मध्ये आलेल्या बी. एम. डब्ल्यू. ७ सीरिजपासून ‘मोस्ट’ नावाची व्यवस्था वापरात आली. तिच्यात गाणं तांब्यातून जात नाही. १ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाशाच्या रूपाने ते धावतं. डेक, ॲम्प, फोनचा डबा अशी सगळी यंत्रं एका वर्तुळात ओवलेली असतात आणि प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. डेक उपटला की वर्तुळ तुटतं आणि सगळं वर्तुळच गप्प होतं. तंतू जास्त वाकवला तरी प्रकाश गळतो. इथे नुसती वायर जोडून भागत नाही. जुन्या डेकच्या जागी वर्तुळात बसेल आणि ॲम्पला ओळखीचा वाटेल असा वेगळा जोडभाग लागतो.

शिट्टीचा उगम

ॲम्प जागा झाला, गाणं लागलं, आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत जाते. गाणं बंद केलं तरी ती राहते. १९३० च्या खरखरीचं हेच ते आजचं रूप.

तिचा उगम अल्टरनेटरमध्ये. तो तीन फेजची उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि डायोड तिला एका दिशेला वळवतात. पण ती पूर्ण सपाट होत नाही, तिच्यावर बारीक लाटा राहतात. १२ ध्रुवांच्या अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा निघतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभं असताना अडीचपट वेगाने फिरणारा अल्टरनेटर सेकंदाला सुमारे १,२०० लाटा देतो. इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेलं की ४,५००. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो साधारण २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात. शिट्टी अचूक तिथेच जाऊन बसते.

ती गाण्यात शिरते अर्थिंगच्या वाटेने. डेकची अर्थ डॅशबोर्डपाशी आणि ॲम्पची मागे डिकीत. मधल्या पत्र्यात एका ओमचा हजारावा भाग एवढा अडथळा असला आणि त्यातून ५० अँपिअर वाहत असले, तर दोन टोकांत ५० मिलिव्होल्टांचा फरक पडतो. गाण्याच्या हळुवार जागेतला सिग्नल याहून लहान असू शकतो.

कंपनीने यावर आधीच सुंदर उपाय केलेला असतो. डेककडून ॲम्पकडे जाणाऱ्या प्रत्येक सुरासाठी दोन पिळलेल्या वायरी. एकीत सूर सरळ, दुसरीत नेमका उलटा. वाटेत जो कचरा मिसळतो तो दोन्हींत सारखाच मिसळतो. ॲम्प एकीतून दुसरी वजा करतो. कचरा उडतो आणि सूर दुप्पट होऊन उरतो. इंजिनच्या गोंगाटातून स्वच्छ गाणं येतं ते या वजाबाकीमुळे.

बाजारातल्या डेकला मागे जी आर. सी. ए. सॉकेटं असतात, त्यांची पद्धत वेगळी. मधली तार सुराची आणि बाहेरची जाळी थेट अर्थला. ती जुन्या ॲम्पला नुसती जोडली, तर वजाबाकी बिघडू शकते आणि शिट्टी आत येते. मग काही जण स्पीकरच्याच वायरी ॲम्पला जोडतात. तिथे उलटा त्रास. स्पीकरच्या वायरींवर ८ व्होल्टांपर्यंत सिग्नल असतो, तर अनेक ॲम्पना त्याच्या निम्म्याहून कमी पुरतो. थोड्याच आवाजात गाणं फाटू लागतं. शिवाय या डेकची ऋण वायर म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही टोकांवर सुमारे ६-७ व्होल्ट स्थिर दाब असतो. ती बॉडीला टेकली की चिपवर थेट शॉर्टचा ताण येतो आणि तिची सुरक्षा-व्यवस्था धावून आली नाही तर नवा डेक पहिल्याच दिवशी गार.

योग्य मार्ग मधला: सिग्नल खाली आणणारी आणि दोन्ही बाजूंच्या अर्थ वेगळ्या ठेवणारी डबी वापरायची. डेकची अर्थ रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट आवळायची. आणि गाडीचा मूळ कपलर न कापता त्यात बसणारा तयार हार्नेस घ्यायचा, म्हणजे उद्या जुना डेक परत लावायचा झाला तर टेपच्या गाठी उकलत बसावं लागत नाही.

डेककडची इतर कामं

गाणं हे डेकचं एकच काम असेल, असं धरून चालता येत नाही. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टची सूचना आणि दार उघडं असल्याची टिणटिण डेकमधूनच येते. डेक काढला की गाडी टोकायचीच थांबते. म्हणून अशा गाड्यांसाठीच्या जोडडबीत एक चिमुकला स्पीकर वेगळा घातलेला असतो.

स्टिअरिंगवरची बटणं बहुतेक ठिकाणी एकाच वायरीवर चालतात. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर असतो. डेक अडथळा मोजतो आणि कोणतं बटण दाबलं ते ओळखतो. नव्या डेकला हे आकडे एकेक बटण दाबून शिकवावे लागतात.

सर्वांत अजब काम होंडाच्या काही गाड्यांत होतं. २००५ च्या ओडिसीच्या वरच्या प्रकारांत इंजिन गरज नसताना निम्मे सिलिंडर बंद करतं आणि तेव्हा घुमणारा आवाज येतो. केबिनमधले मायक्रोफोन तो ऐकतात आणि स्पीकरमधून त्याची नेमकी उलटी लाट सोडली जाते. दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. अशा व्यवस्थेच्या गाडीत बाहेरचा सबवूफर बसवला, तर मायक्रोफोन त्याच्या बेसलाच इंजिनची घरघर समजून बसतात आणि उलट्या लाटा सोडत राहतात. गाडीभर विचित्र घुमारा उठतो. ही व्यवस्था बंद करायची की सांभाळायची, हे बसवणाऱ्याने आधी ठरवावं लागतं.

ठेवायचा की काढायचा

मूळ ॲम्प ठेवला तर त्या गाडीसाठी घडवलेला आवाज, मूळ स्पीकर आणि वायरिंग सगळं कामी येतं. त्या बदल्यात त्याच्या भाषेत बोलणारी डबी लागते. काढायचा ठरला, तर त्याच्या जागेपर्यंत नव्या वायरी ओढाव्या लागतात, स्पीकरचे ओम तपासावे लागतात आणि कमी ओमचे निघाले तर स्पीकरही बदलावे लागतात. मोठ्या स्पीकरला आणि ट्विटरला सूर वाटून देणारा आता कुणी उरला नाही, हेही ध्यानात घ्यावं लागतं.

अलीकडे या कामाची दिशाच उलटी झाली आहे. नव्या गाड्यांत ए. सी., मागचा कॅमेरा आणि गाडीची सेटिंग्ज त्याच पडद्यात असल्याने डेकला हात लावणं परवडत नाही. मग कारागीर डेक तसाच ठेवतात, मूळ ॲम्पमधून तुकड्या-तुकड्यांत निघणारे सूर नव्या प्रोसेसरमध्ये एकत्र करतात, कंपनीने केलेली छाटणी मोजून पुसतात आणि पुढे आपला ॲम्प लावतात. अर्धा स्टिरिओ बदलण्याचीच ही रीत, फक्त बदलला जाणारा अर्धा दुसरा.

म्हणून दुकानात शिरल्यावर ‘किती वॅटचा?’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारावं: या गाडीत ॲम्प आहे का, कुठे आहे, त्याला कोण जागं करतं, किती सिग्नल लागतो आणि त्याच्या पलीकडचे स्पीकर किती ओमचे आहेत? जो कारागीर ही उत्तरं मीटर लावून देतो, त्याच्या हाती गाडीची चावी द्यायला हरकत नाही. जो मीटर न काढताच ‘स्पीकर गेलेत’ म्हणतो, त्याच्याकडून ती परत मागून घ्यावी.